मनात काही आहे का?

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधीचा शुक्रवार आला की दुपारी बरोबर तीन वाजता सॅम्युएल दाविद आढाव खुर्चीतून उठत, चष्मा पुसत, शर्ट नीट खोचत आणि आमच्या कंपनीतल्या प्रत्येक टेबलापाशी जाऊन एकच प्रश्न विचारत : "माझ्याविरुद्ध मनात काही आहे का?"

कंपनी सॉफ्टवेअरची होती. माणसं बासष्ट. त्यात संचालक आले, प्रोग्रॅमर आले, चहा देणारे शिंदेमामा आले आणि फाटकावरचा पहारेकरीही आला. आढाव कोणाला वगळत नसत. आजारी माणसाला फोन करून विचारत. एकदा एका प्रोग्रॅमरचं लग्न नेमकं त्याच शुक्रवारी होतं. त्याला आढावांनी बोहल्यावर गाठून विचारलं, अशी बातमी ऑफिसात होती. मी पडताळणी केली. ती अतिरंजित निघाली. बोहल्यावर नव्हे, अक्षता पडून गेल्यावर, आहेर हातात देताना विचारलं.

मी त्या कंपनीत येण्याआधी अकरा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. माहिती दोन ठिकाणी तपासायची आणि विशेषणं खोडायची, एवढं मला तिथे शिकवलं गेलं. नव्वदीच्या शेवटी पुण्यात बंगल्याबंगल्यावर सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पाट्या लागायला लागल्या तेव्हा मीही अशाच एका बंगल्यात जाऊन बसले. सॉफ्टवेअर कसं वापरावं याच्या पुस्तिका लिहिणं हे माझं काम. रुजू झाल्याच्या पाचव्या दिवशी तो शुक्रवार आला आणि टक्कल पडलेला, पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ माझ्यापुढे हात बांधून उभा राहिला.

"ताई, माझ्याविरुद्ध मनात काही आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "आपली ओळखच नाही."

"तेच," ते म्हणाले. "पाच दिवस झाले तुम्हाला येऊन. मी ओळख करून घेतली नाही. त्याबद्दल काही?"

त्याबद्दलही नाही म्हटल्यावर ते मनापासून हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. माझ्या शेजारी नितीन गवळी नावाचा तरुण प्रोग्रॅमर बसायचा. तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "घाबरू नका मॅडम. काकांची सर्व्हिसिंग असते. दर महिन्याला करतात."

आढाव ख्रिस्ती. मूळ गाव नगरकडचं, घर खडकीत. पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं : भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. त्या भाकरीला हात लावण्याआधी, ज्याच्या मनात आपल्याविषयी सल असेल त्याच्याकडे जाऊन समेट करून यावा, असं त्यांच्या धर्मात सांगितलं आहे. सांगितलं सगळ्यांनाच आहे. आढावांनी ते ऑफिसच्या कामाच्या वेळेत बसवलं.

अडचण अशी, की आढावांची नोकरीच दुसऱ्यांच्या चुका काढण्याची होती. ते टेस्टर होते. प्रोग्रॅमर लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर ते दिवसभर वापरून पाहत आणि जिथे ते मोडेल तिथे रिपोर्ट लिहीत. म्हणजे एकोणतीस दिवस चुका काढायच्या आणि तिसाव्या दिवशी क्षमा मागायची. या दोन गोष्टींचा त्यांच्या रिपोर्टांवर परिणाम झाला होता. एक नमुना देते. इंग्रजी त्यांचं, अनुवाद माझा : "सेव्हचं बटण दाबल्यावर काहीच सेव्ह होत नाही. कदाचित माझी दाबण्याची पद्धत चुकत असेल. एकोणीस वेळा दाबून पाहिलं. विसाव्या वेळी आधीचंही सगळं पुसलं गेलं. नितीन यांनी या स्क्रीनवर फार मेहनत घेतलेली दिसते. रंग उत्तम आहे. लोभ असावा."

"काका, शिव्या द्या हो सरळ," नितीन कळवळून म्हणायचा. "'रंग उत्तम आहे' वाचलं की रात्रभर झोप येत नाही."

ते सकाळी आल्यावर सगळ्यांना 'सलाम' करत. त्यांच्या लोकांत तशी रीत आहे. नव्या मुलांपैकी तिघांनी त्यामुळे त्यांना ईदच्या शुभेच्छा दिल्या. आढावांनी तिन्ही वेळा उठून, हात हातात घेऊन त्या स्वीकारल्या. "शुभेच्छा परत करायच्या असतात का?" ते मला म्हणाले. "ज्याला पोचायच्या त्याला पोचतील."

आता बासष्ट माणसांना दर महिन्याला असा प्रश्न विचारल्यावर, आणि तोही पुण्यात, चेष्टा होणारच. नितीनने एका शुक्रवारी गंभीर चेहरा करून सांगितलं, "आहे काका. तुम्ही डब्यातला पापड फार मोठ्यांदा खाता."

"बरोबर आहे," आढाव म्हणाले.

सोमवारपासून ते पापड आमटीत बुडवून, पूर्ण मऊ झाल्यावर खायला लागले. पहिला आठवडा सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात नितीनला ते बघवेना. तिसऱ्या आठवड्यात तो त्यांच्यासमोर बसून म्हणाला, "काका, मी गंमत केली हो. वाजवून खा. तुमच्या पाया पडतो." आढाव म्हणाले, "गंमत असली तरी खरं होतं. आवाज येतोच." मऊ पापड कायम राहिला.

पहारेकऱ्याची तक्रार खरीखुरी होती. "साहेब, तुम्ही सलाम केला की मला उठावं लागतं. गुडघा दुखतो." तेव्हापासून आढाव फाटकाजवळ आले की आधी खुणेने त्याला बसवत आणि तो बसल्याची खात्री झाल्यावर सलाम करत. आमचे मॅनेजर अभिजित लिमये यांची तक्रार एकच असे आणि ती दर महिन्याला तीच असे : "आढाव, तुम्ही चुका फार काढता."

"त्याची क्षमा मागतो साहेब," आढाव म्हणत. "थांबवता मात्र येणार नाही."

लिमयांना आढावांची धास्ती होती आणि तिला कारण होतं. आमचं मुख्य सॉफ्टवेअर कारखान्यांच्या भांडारांसाठी होतं : कुठला सुटा भाग कुठल्या कप्प्यात आहे, किती उरला आहे, वगैरे. इंग्लंडातल्या एका मोठ्या भांडाराचे दोन अधिकारी ते पाहायला आले. पाहुण्यांसाठी बंगल्याला रंग दिला होता. लिमये स्वतः माउस हातात घेऊन बसले होते आणि ज्या तीन ठिकाणी सॉफ्टवेअर मोडत होतं ती ठिकाणं चुकवत, कडेकडेने, सराईतपणे सगळं दाखवत होते. दाखवून संपलं. टाळ्या व्हायच्या बेतात होत्या. तेवढ्यात पाहुण्यांपैकी उंच होता त्याने विचारलं, "हे कोपऱ्यातलं बटण कशाचं?" आणि कोणी काही बोलायच्या आत त्याने हात पुढे केला.

"त्याला हात लावू नका," मागून आढाव म्हणाले. "बंद पडेल."

"सगळं?"

"सगळं."

"पण हे तयार आहे ना?"

लिमयांनी वळून आढावांकडे पाहिलं. ती नजर मी अकरा वर्षांच्या पत्रकारितेत पाहिलेली नव्हती. आढावांचा नियम होता की हो तर हो म्हणावं, नाही तर नाही म्हणावं, मधलं बोलू नये.

"नाही," ते म्हणाले. "अजून सात आठवडे लागतील."

पाहुणे गेले. लिमये त्या दिवशी कोणाशी बोलले नाहीत. आढाव शुक्रवारची वाट न पाहता त्यांच्याकडे गेले आणि विचारून आले. लिमये म्हणाले, "आहे! खूप आहे!" आढाव म्हणाले, "बरोबर आहे." चौथ्या दिवशी इंग्लंडहून फोन आला. काम आम्हाला मिळालं होतं. अट एकच होती : कामाबद्दल काही विचारायचं असेल तेव्हा त्या, नाही म्हणणाऱ्या माणसाला फोनवर द्यायचं.

या सगळ्याचा सुगावा ऋतुजाला लागला. ऋतुजा आमच्याकडे एचआर म्हणून नुकतीच आली होती. तिने एका शुक्रवारी आढावांची फेरी पाहिली आणि तिचे डोळे चमकले.

"काका, धिस इज सो पॉवरफुल! हे आपण सगळ्यांसाठी करू या."

"बाळ, त्याला तयारी लागते," आढाव म्हणाले.

"मी फॉर्म करते," ऋतुजा म्हणाली.

पुढच्या महिन्यात 'मनमोकळा शुक्रवार' जाहीर झाला. प्रत्येकाने प्रत्येकाला आढावांचा प्रश्न विचारायचा आणि उत्तराला एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे राग नाही. पाच म्हणजे फार राग. तीन वाजता घंटा झाली. साडेतीनपर्यंत मी पुढील घटना पाहिल्या.

नितीन आणि त्याच्यासमोर बसणारा केदार तीन वर्षं एका डब्यात जेवत होते. केदारने कबूल केलं की नितीनच्या आईचं लोणचं त्याला कधीच आवडलं नव्हतं.

"मग बरणी कोण संपवत होतं?" नितीनने विचारलं.

"मीच. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मग आता सांगायची काय गरज होती?"

"फॉर्म आहे ना!"

हिशेब विभागातल्या गोखलेबाईंनी शांतपणे विचारलं, "मागच्या बाजूला लिहिलं तर चालेल का?" आणि मग आणखी एक कागद मागितला. शिंदेमामांनी सगळ्यांना पाचपैकी पाच दिले. परीक्षेत तसंच असतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. एका खुर्चीचं चाक दोन वर्षांपूर्वी कोणी काढून नेलं ते उघडकीला आलं आणि नेणारा आणि ज्याचं गेलं तो, असे दोघे जिन्यात एकमेकांना 'अहो' म्हणत भांडले. पुण्यात भांडण 'अहो'वर आलं की ते मिटायला अवघड असतं. लिमयांनी केबिनला आतून कडी लावली. लोक काचेला फॉर्म चिकटवून बाहेरून बोटाने प्रश्न दाखवत होते.

पाच वाजता बेरीज झाली. ऋतुजाला एकावन्न जणांनी पाच गुण दिले होते. सगळ्यांनी कारण एकच लिहिलं होतं : हा फॉर्म.

ती पायरीवर बसून रडत होती. आढाव तोवर टेबलाटेबलाशी फिरून लोकांना पाणी देत होते. त्यांनी चाक परत बसवून दिलं होतं. नितीन आणि केदार यांना मध्ये लोणचं ठेवून समोरासमोर बसवलं होतं. मग ते ऋतुजाजवळ येऊन बसले.

"माझं कुठे चुकलं, काका?"

"प्रश्न बरोबर होता," आढाव म्हणाले. "समोरच्याने 'आहे' म्हटलं की आपण गप्प बसायचं असतं. तेवढं फॉर्मवर लिहायचं राहिलं."

इथवरचे आढाव सगळ्या ऑफिसला माहीत होते. पुढचे मला माहीत झाले ते एका भोपळ्यामुळे.

पावसाळा सरला की त्यांच्या चर्चमध्ये कापणीचा सण असतो. लोक धान्य, भाज्या, फळं, कोंबड्यासुद्धा आणून अर्पण करतात आणि उपासना झाल्यावर अंगणात त्यांचा लिलाव होतो. त्या वर्षी तो पहिल्या रविवारी आला. आढावांनी सगळ्या ऑफिसला बोलावलं. मी आणि नितीन गेलो. नितीनला लिलाव पाहायचा होता.

आम्ही मागच्या बाकावर बसलो. आढाव आमच्या पुढच्या रांगेत, शेजारी त्यांच्या पत्नी. गाणी झाली, प्रवचन झालं, मग भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरायला लागलं. ते आढावांच्या हातात आलं. ज्या भाकरीसाठी हा माणूस दर महिन्याला बासष्ट टेबलं फिरतो ती तो कशी खातो, हे पाहायला मी थोडी पुढे वाकले.

आढावांनी ताट दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला दिलं. द्राक्षरसाचे पेले आले तेही तसेच पुढे गेले.

बाहेर नितीन एका भोपळ्यावर बोली लावण्यात गुंतला. आढाव कोंबड्या धरायला मदत करत होते. मी त्यांच्या पत्नीला, वहिनींना, विचारलं.

"पाच वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या बासष्ट जणांनी माफ केलं. मी तर लग्नापासून करतेय. देवानंही केलं असणार. राहता राहिले विश्रांतवाडीचे सोनटक्के."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आढाव पूर्वी पिंपरीकडच्या एका कारखान्यात भांडारात कारकून होते. माधव सोनटक्के तिथले मुख्य भांडारपाल. त्यांनीच आढावांना काम शिकवलं. अकरा हजार सुटे भाग आणि त्यांच्या जागा सोनटक्क्यांच्या डोक्यात होत्या. कोणी नुसता खिळा दाखवला की ते पाठमोरे असले तरी रॅकचा आकडा सांगत. मग देशात वारं बदललं, बाहेरचा माल आला, कारखान्याने खर्च कमी करायला घेतला आणि भांडारात कॉम्प्युटर आला. सोनटक्के म्हणाले, "या डबड्याला माझं बोट लागणार नाही." म्हणून आढाव शिकले. आठ महिने ते सोनटक्क्यांच्या शेजारी बसून एकेक जागा विचारत गेले आणि कॉम्प्युटरमध्ये भरत गेले. सोनटक्के सांगत गेले. सगळं भरून झालं त्या महिन्यात स्वेच्छानिवृत्तीची यादी लागली. यादीत सोनटक्के होते. आढाव नव्हते.

"जाताना ते एकच वाक्य बोलले," वहिनी म्हणाल्या. "'आढाव, माझ्या डोक्यातलं सगळं काढून डब्यात भरलंस आणि मग डोकं घरी पाठवलंस.' वर्षभर हे झुरले. मग यांनीही ती नोकरी सोडली आणि तुमच्याकडे आले. तेव्हापासून शुक्रवारी तुमच्याकडे विचारतात आणि शनिवारी सकाळी विश्रांतवाडीला जातात. ते म्हणतात, 'आहे.' हे परत येतात. रविवारी ताट पुढे सरकवतात. मी म्हटलं, अहो, मागितलीत ना क्षमा, झालं. तर म्हणतात, त्यांच्या मनात आहे तोवर आहे."

एवढ्यात नितीन भोपळा कडेवर घेऊन आला. तो जिंकला होता आणि आता तो बसमधून कसा न्यायचा या विचारात होता.

चार महिन्यांनी इंग्लंडच्या भांडाराने नाही म्हणणाऱ्या माणसालाच पाठवा, अशी मागणी केली. आढावांना दहा महिने तिकडे जायचं ठरलं. विमान सोमवारचं. त्याआधीचा रविवार महिन्याचा पहिला होता. शुक्रवारी नेहमीची फेरी संपवून ते माझ्या टेबलाशी थांबले.

"ताई, उद्या माझ्याबरोबर विश्रांतवाडीला याल? ओळख करून देतो. मी नसताना दर महिन्याला तुम्ही जायचं."

"तुमच्या वतीने क्षमा मागायला?"

"विचारायला. तुम्ही पत्रकार होता. नीट विचाराल."

शनिवारी सकाळी नऊला आम्ही गेलो. तळमजल्यावरचं घर, पुढे दोन हात बाग. आढावांनी बेल वाजवायला हात वर केला, पण दार उघडंच होतं. आत इस्त्रीचा शर्ट घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ टेबलाशी बसले होते. टेबलावर दोन कप मांडलेले होते. मला पाहून ते उठले आणि तिसरा घेऊन आले.

"या बाई. तुम्ही याच्या ऑफिसातल्या? म्हणजे तुम्हालाही विचारत असेल हा."

"दर महिन्याला."

"तुम्ही काय सांगता?"

"नाही म्हणून सांगते."

"घाई करता," सोनटक्के म्हणाले.

त्यांनी चहा ओतला. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा हार घातलेला फोटो होता. दुसऱ्या फोटोत मुलगा बर्फात उभा होता. मी तिकडे पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "कॉम्प्युटरवालाच आहे," ते म्हणाले. "अमेरिकेत. एका कॉम्प्युटरनं मला घरी बसवलं, दुसऱ्यानं घर रिकामं केलं. कॉम्प्युटर चांगला लाभतो मला."

चहा होईपर्यंत दोघे जुन्या भांडारातलं बोलत होते. कोणाचा मुलगा कुठे लागला, कोण गेलं. भांडण झालेली माणसं असं बोलत नाहीत, अशी मी मनात नोंद केली. मग आढावांनी कप खाली ठेवला, उठून उभे राहिले, चष्मा पुसला, शर्ट खोचला.

"सोनटक्के, मी परवा इंग्लंडला चाललो. दहा महिने."

सोनटक्क्यांनी हातातला कप तसाच धरला.

"कसलं काम?"

"भांडाराचंच. तुम्ही शिकवलेलं." आढाव थांबले. "जायच्या आधी विचारतो. माझ्याविरुद्ध मनात काही आहे का?"

सोनटक्के बराच वेळ बाहेर बागेकडे पाहत होते. रस्त्यावरून आळंदीकडे जाणारी बस गेली. तिचा आवाज पूर्ण थांबल्यावर ते म्हणाले, "नाही."

आढावांनी मान पुढे केली. ऐकू आलं नसावं असं त्यांना वाटलं.

"नाही म्हटलं. काही नाही. जा, जेव तुझं ते."

"कधीपासून नाही?" आढावांनी विचारलं.

"चहा गार होतोय."

"सोनटक्के, कधीपासून?"

"तू तिसऱ्यांदा आलास तेव्हापासून," सोनटक्के चिडून म्हणाले. "पावसात आला होतास. छत्री मोडलेली."

"त्याला पाच वर्षं झाली. सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर चौथ्यांदा आला असतास?"

आढाव हो तर हो आणि नाही तर नाही म्हणणारे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते खाली बसले.

"सोनटक्के," ते म्हणाले, "माझ्या मनात तुमच्याविरुद्ध आहे."

"आं?"

"पाच वर्षं सांगितलं नाहीत, हे."

सोनटक्के काहीतरी खरमरीत बोलणार होते. ते त्यांनी गिळलं आणि पाच वर्षं आढावांना जे करताना पाहिलं होतं तेच केलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"झालं मग. आजचं मिटलं," आढाव म्हणाले. "पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात. आता विचारायची पाळी तुमची."

रविवारी दुपारी वहिनींचा मला फोन आला. "भाकरी घेतली," त्या म्हणाल्या. "पण तुकडा हातात धरून बसून राहिले. पाळकसाहेब खुणा करताहेत, सगळे बघताहेत. रसाचा पेला आल्यावर त्यात बुडवली आणि मग खाल्ली. का, तर आवाज नको!" एवढं बोलून त्या हसायला लागल्या आणि मग हसणं थांबवून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात तो शुक्रवार आला. तीन वाजता सगळ्या ऑफिसने माना वर केल्या. कोणी उठलं नाही, कोणी विचारलं नाही. नितीन म्हणाला, "सर्व्हिसिंग नाही या महिन्यात," आणि परत स्क्रीनकडे वळला.

दहा मिनिटांनी फाटकावरून पहारेकऱ्याचा फोन आला. "मॅडम, एक साहेब आलेत. वहीत सही करायला सांगितली तर म्हणतात, ही वही ठेवायची पद्धतच चुकीची आहे."

मी खाली जाऊन सोनटक्क्यांना वर घेऊन आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"मागे पत्र पाठवलं होतं त्याला. पोचायला दहा दिवस लागले," ते म्हणाले. "ते ईमेल इथून जातं म्हणे."

मी त्यांना आढावांच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "सांगा, मी टाइप करते."

"नको. विचारायचं मला आहे."

त्यांनी कीबोर्डकडे वाकून पाहिलं. मग आणखी वाकून पाहिलं. "एच्या शेजारी एस? बी इतक्या खाली? ज्यानं ही मांडणी केली त्याला माझ्या भांडारात एक दिवस ठेवला नसता."

नितीन उठून त्यांच्यामागे येऊन उभा राहिला. सोनटक्क्यांचं उजव्या हाताचं बोट कीबोर्डच्या वर थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी ते खाली टेकवलं.

एक ओळ लिहायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. अक्षरं इंग्रजी, ओळ मराठी : माझ्याविरुद्ध मनात काही आहे का? नितीनने पाठवायचं बटण दाखवलं. ते त्यांनी एकदाच दाबलं.

इंग्लंडात तेव्हा सकाळ होती. चार मिनिटांत उत्तर आलं. सोनटक्क्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वाचलं.

"आहे. पत्र फार लहान होतं."

"बरोबर आहे," सोनटक्के म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुढचं अक्षर शोधायला लागले.